धबधब्याच्या बाजूची खिडकी

सिनोवेताई लग्न करून अमेरिकेला गेली तेव्हा आईचे गुडघे धड होते. आता आई नव्वदीला टेकलीय. तिला विमान झेपत नाही, आणि ताईला इतकी वर्षं सवड झाली नाही. त्यामुळे या उन्हाळ्यात ताईची क्रूझ आमच्याच फ्योर्डमध्ये, डोंगरांत शिरलेल्या या खाडीत, येणार हे कळल्यावर आईनं ठेवणीतला भरतकामाचा पोशाख काढून दारात वाळत घातला.

जहाज धक्क्याला लागलं. ताई उतरली, गळ्यात पडली, रडली. मग मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे, डेलकडे, बघत मला म्हणाली, "ट्रुल्स, आधी आमची डोंगरातली आगगाडी आहे रे. परत आले की थेट घरी."

"ताई, आई पहाटेपासून नटून बसलीय. मोटार ही काय, इथे उभी आहे."

"डेलनं या गाडीसाठीच सहल घेतलीय. त्याला एकट्याला कसं पाठवू?"

"शाळेला रोज त्याच गाडीनं जायचीस. झोपायचीस खिडकीला डोकं टेकून!"

"चिडू नकोस ना."

मी आगगाडीत तिकीट तपासणाऱ्या हाल्डिसला गाठलं. ती माझ्या वर्गातली.

"आमच्या थांब्यावर मिनिटभर थांबव. आईला आणतो."

"ट्रुल्स, हा काय तुझा ट्रॅक्टर आहे? जहाज असलं की मधले थांबे बंद. गाडीत जागा तरी आहे का बघ."

घरी फोन केला. आई म्हणाली, "मीच रुळांपाशी उभी राहते. ती खिडकीतून तरी बघेल."

मी ताईला बजावलं, "घर उजवीकडे येतं, लक्षात आहे ना?" तिनं मान डोलावली. मी मोटार पिटाळत घरी गेलो आणि आईला धरून कुंपणापाशी नेलं. गाडी आली. खिडक्याखिडक्यांत फोन. आईनं हात वर केला. अनोळखी माणसांनी हात हलवले, तिचे फोटो काढले. ताई कुठेच दिसली नाही.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. "डेलनं धबधब्याच्या बाजूची जागा धरली होती रे. उठले, पण मधे माणसं उभी होती. वाटच मिळेना."

आईला सांगितलं तर म्हणाली, "असू दे. दुपारी येईलच."

दुपारी गाडी वरच अडकली. रूळ एकेरी, खालून येणारी दुसरी उशिरा सुटल्यामुळे हिला सोडेनात. ताईचा पुन्हा फोन आला, आवाज रडवेला. "ट्रुल्स, उतरल्यावर आम्हाला सरळ जहाजावर नेणार म्हणतात. तू आईला घेऊन ये ना!"

दरीत रस्ता एकच, आणि त्यावर सहलीच्या बसेसची रांग. मी भोंगा वाजवून वाजवून थकलो. धक्का दिसायला लागला तशी आई दार उघडून उतरलीच. तो जड पोशाख सावरत, काठी टेकत ती बसेसच्या कडेनं निघाली. मोटार तशीच सोडून मी मागे धावलो.

फाटकावर उन्हाळ्यापुरता आलेला शहरातला रखवालदार होता. "पास?"

"अहो, ती पलीकडे उभी आहे ना, तिची आई आहे ही!"

"दिसतंय मला. पण आत सोडलं तर माझी नोकरी जाईल."

ताई धावत जाळीपाशी आली. जाळीतून दोघींची बोटं तेवढी पोचली. ताईला हुंदक्यांनी बोलता येईना. आई तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "किती वाळलीस गं. खायला करतेस की नाही?"

डेलनं हसत फोन पुढे केला आणि आईला धबधब्याचा फोटो दाखवला. जहाजाचा भोंगा झाला. रखवालदारानंच ताईला खांद्याला धरून वळवलं.

घरी आल्यावर आईनं पोशाख बदलला आणि ताईसाठी केलेल्या मटण-कोबीचं पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं.

"माझ्यावर कशाला डोळे वटारतोस?" ती म्हणाली. "बस जेवायला."

ती पोटभर जेवली. माझं ताट तसंच राहिलं.