पिशवी काढली

माझी सून पंचशीला हिच्या गर्भाशयात गाठ होती. तुकोगंजातल्या दवाखान्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तिला खोलीत आणल्यावर डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आईजी, गाठ पिशवीत घालून काढली."

आम्ही बायका गर्भाशयालाच पिशवी म्हणतो. पुढचं मी ऐकलंच नाही. दारात उभी राहून जावेला फोन लावला, "पिशवी काढली गं तिची. आता कुठला नातू! रत्नपालचं दुसरं लग्न बघावं लागेल."

माझा मुलगा रत्नपाल धावत आला. "आई, धीरे बोल ना! पिशवी प्लास्टिकची होती. गाठ पोटातच त्या पिशवीत भरली आणि छोट्याशा छेदातून बाहेर काढली. गर्भाशय जागेवर आहे."

मी वळून पाहिलं. पंचशीला जागी होती.

"पोरी, माझी ऐकण्यात चूक झाली."

"ऐकण्यात झाली," ती हळू म्हणाली. "पण लग्नाचं तर डॉक्टर बोलल्या नव्हत्या ना, आई?"

मी तिच्यासमोरच जावेला परत फोन लावला आणि म्हणाले, "पिशवीचं चुकून बोलले. लग्नाचं मनातलं बोलले, त्याची लाज वाटते."

पंचशीलेनं तोंड भिंतीकडे फिरवलं.