मधले तेरा दिवस

मित्रांनो, डहाणूतल्या एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात मी चाळीस वर्षं भिंतीला पाठ लावून उभा आहे. मी तिथला जुना सूचना फलक. येणारेजाणारे मला नुसतं फळा म्हणतात. एक दुखणं मी बरेच दिवस अंगावर काढलं, आता ते सहन होत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे.

मला रानशेतच्या जिव्या सुताराने घडवलं. सागाची चौकट, आत टाचण्या सहज शिरतील अशी मऊ फळी आणि पुढे काचेचं दार. चौकटीचे सांधे त्याने एकही खिळा न मारता बसवले. मग साहेबांनी दाराला कुलूप बसवायला सांगितलं, तेव्हा तो थांबला. "साहेब, वाचायच्या कागदाला कुलूप कशाला?"

साहेब हसले. "लोक कागद फाडून नेतात रे. कुलूप असलं की कागद जागेवर राहतो."

जिव्याला ते पटलं, मलाही पटलं. किल्ली कुणाकडे राहणार हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. मतदार याद्या, लिलाव, भरतीच्या जाहिराती, निवड झालेल्यांची नावं, सगळं आधी माझ्या अंगावर लागायचं. तलासरीकडचा सुदाम नावाचा एक तरुण यादीत आपलं नाव सापडल्यावर माझ्या काचेला कपाळ टेकवून रडला होता. त्याच्या केसांच्या तेलाचा डाग काचेवर आठवडाभर होता, आणि तो पुसू नये असं मला वाटत होतं. मी स्वतःला फार मोठा समजत होतो, हे कबूल करतो.

जिव्या म्हातारा झाला, एका अंगाने लुळा पडला. घरात त्याला एक नात तेवढी उरली, दक्षा. ती बारावी झाली होती, टायपिंगची परीक्षा पास झाली होती, आणि बोईसरच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंगला जायची. कंपनीची बस पहाटे पाचला निघायची आणि तिला घरी यायला रात्रीचे आठ वाजायचे. तोवर जिव्या एकटा पडून असायचा. उशाशी पाण्याचा तांब्या असायचा, पण उजवा हात उचलत नव्हता.

कारखान्याला शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी दक्षा जीपने डहाणूला यायची आणि माझ्यासमोर उभी राहायची. चौकटीच्या खालच्या सांध्यावरून बोट फिरवायची आणि वरपासून खालपर्यंत सगळे कागद वाचायची. आमच्या कचेरीत टायपिंगची जागा रिकामी होणार हे तिला माहीत होतं. ती मिळाली तर संध्याकाळी सहाला ती आजाजवळ असणार होती. तिला एवढंच हवं होतं.

शिपाई लक्ष्याने तिला एकदा विचारलं, "अगं बाय, दर खेपेला एवढ्या लांबून येतेस. साहेबांनाच विचार ना."

"साहेबांना कशाला विचारू काका? आजा सांगतो, फळ्यावर लागल्याबिगर नोकरी निघत नाय. फळा त्याच्या हातचा आहे, तो खोटं नाय बोलायचा."

मित्रांनो, हे ऐकून मी फुललो होतो. आज ते शब्द आठवले की माझ्या सागाला वाळवी लागावी असं वाटतं.

एका मंगळवारी अकरा वाजता भाऊसाहेब, म्हणजे आमचे मोठे कारकून, एक कागद घेऊन बाहेर आले. कंत्राटी लिपिक, एक पद, टायपिंग आवश्यक, स्थानिकांना प्राधान्य. जाहिरात फलकावर पंधरा दिवस राहिली पाहिजे असा नियम होता. लक्ष्याने कुलूप उघडलं आणि चार कोपऱ्यांना चार टाचण्या लावल्या. भाऊसाहेबांनी मोबाईलवर फोटो काढला, तारखेसकट.

"झालं. आता काढ."

"आत्ताच, भाऊसाहेब?"

"फोटो आला ना? पंधराव्या दिवशी परत लाव, दुसरा फोटो काढू. ती रानशेतची पोरगी शुक्रवारी येते, माहीत आहे ना तुला? साहेबांच्या साडूची मुलगी यायची आहे या जागेवर."

लक्ष्याच्या हातून एक टाचणी खाली पडली. ती त्याने वाकून उचलली. मग त्याने कागद काढून दिला.

मधले तेरा दिवस तो कागद भाऊसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये होता. माझ्यापासून दहा पावलांवर. खिडकीतून मला तो ड्रॉवर दिसायचा. त्या तेरा दिवसांत दोन शुक्रवार आले. दक्षा दोन्ही वेळा आली आणि तिने मला वरपासून खालपर्यंत वाचलं. ताज्या चार भोकांवरून तिचं बोट गेलं, मधे फक्त काच होती.

"काका, काय लागलं का?"

"नाय गं बाय. काय नाय लागलं," लक्ष्या जमिनीकडे बघत म्हणाला.

मी ओरडलो असतो, पण फळ्याला आवाज नसतो.

पुढच्या महिन्यात साहेबांच्या साडूची मुलगी, हेमाली, कामावर रुजू झाली. ती वाईट मुलगी नाही. मन लावून काम करते, म्हाताऱ्यांना पाणी देते. भाऊसाहेबांची बढती झाली आणि ते टेबल तिच्याकडे आलं. ड्रॉवर आवरताना तिला तो कागद सापडला. कोपऱ्यांना भोकं, मागे टाचलेले दोन फोटो. ती कागदाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग तिने कागद घडी करून पुन्हा तळाशी ठेवला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी दक्षा आली, आणि खिडकीतून तिने हेमालीलाच विचारलं, "ताई, टायपिंगची जागा कधी निघंल?"

हेमालीचा चेहरा उतरला. "निघाली की... फळ्यावर लावू."

"घाई नाय आता. आजा गेला. मंगळवारी दुपारी गेला, मी कामावर होते." दक्षाने खालच्या सांध्यावरून बोट फिरवलं. "पण मी येत जाईन. त्याने सांगितलंय ना, फळ्यावर लागतं म्हणून."

ती गेल्यावर हेमालीने खिडकी लावून घेतली. ती खिडकी अजून बंदच असते.

मित्रांनो, लोक म्हणतात मला रंग द्या, काच बदला. नको. तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमच्यातल्या कुणाच्या तरी हातात माझ्यासारख्याची किल्ली येईल. तेव्हा लांबून येणाऱ्या माणसासाठी कागद जागेवर राहू द्या. आणि आज कुठल्याही फळ्यावर कागद दिसला, तर गावात जाऊन मोठ्याने सांगा, कारण मला सांगता येत नाही.

उद्या शुक्रवार आहे. ती येईल आणि मला वरपासून खालपर्यंत वाचेल.