बॉल टेकला नव्हता

मी क्रेनचा सिग्नलमन. इथे आखातात, दुक्मच्या बंदरावर, चाळीस टन लोखंड हवेत लटकत असतं तेव्हा ऑपरेटर फक्त माझ्या हाताकडे बघतो. हात वर गेला की क्रेन थांबते, मग समोर कोणी का असेना. पण बाळकृष्ण साहेबांसाठी, म्हणजे आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरसाठी, मी धन्या. चारचौघांत "ए धन्या".

माझं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय. पुढच्या दोन वर्षांचा कागद त्यांच्या टेबलावर, सही रविवारी. आणि त्याआधी शुक्रवारी रग्बीची मॅच, कॅम्प विरुद्ध ऑफिस, म्हणजे आम्ही कामगार विरुद्ध साहेबलोक. रेफ्री मी, कारण माझा गुडघा गेलाय आणि नियमांचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला कॅम्पात मी एकटाच.

जमाल माझा रूममेट. रत्नागिरीचा वेल्डर, कॅम्पाचा कॅप्टन. सकाळीच म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर नको रे. साहेबांना एखादा ट्राय देऊन टाक."

"द्यायला तो काय शिरखुर्मा आहे?" मी म्हटलं.

खेळ तसा सोपा. बॉल घेऊन पुढे पळायचं, पण हाताने पास द्यायचा तो मागेच. बॉल हातातून पुढे सुटला की समोरच्यांना स्क्रम, म्हणजे दोन्ही बाजू खांदे भिडवून रेटतात आणि मध्ये बॉल टाकायचा तो समोरच्यांनी. रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण, वर किक खांबांमधून गेली तर आणखी दोन. अडवायचं ते खांद्याखाली धरून, मानेला हात लावायचा नाही. आणि रेफ्रीशी हुज्जत घालायची नाही. कॅप्टनने विचारावं, तेही अदबीने.

कॅम्प सात, ऑफिस पाच. शेवटची दहा मिनिटं. ऑफिसचे कॅप्टन अर्थात साहेबच, ते बॉल घेऊन सुटले. पन्नाशीचा माणूस, पण पळाले, खोटं कशाला बोलू. रेषा ओलांडून वाकले आणि बॉल टेकायच्या आत हातातून पुढे निसटला. तरी हे हात वर करून नाचायला लागले, ऑफिसवाले टाळ्या पिटायला लागले. मी शिट्टी मारली.

"ट्राय नाही. कॅम्पला स्क्रम."

"ए धन्या, डोळे फुटले का तुझे?"

"बॉल टेकला नव्हता, साहेब."

"रविवारी कोणाकडे यायचंय, लक्षात आहे ना?"

माझं डोकं सणकलं. सहीची धमकी मला, ती पण शिट्टी माझ्या हातात असताना?

"हुज्जत घातलीत. स्क्रमची आता पेनल्टी."

"तू मला शिकवणार? दिडदमडीचा सिग्नलमन!"

"दहा मीटर मागे."

तोंड थांबेना, तेव्हा मी पिवळं कार्ड काढलं, म्हणजे दहा मिनिटं मैदानाबाहेर. साहेब पाण्याच्या कॅनवर बसून राहिले आणि मॅच सात-पाचवर संपली. जमाल माझ्याशी रात्रीपर्यंत बोलला नाही, जिंकूनसुद्धा.

रविवारी साहेबांनी कागद पुढे सरकवला. "सगळ्यांसमोर सांग की ट्राय होता. आत्ता सही करतो."

"बॉल टेकला नव्हता."

"क्रेनवरही असाच अडून बसतोस?"

"तिथे जास्त. तिथे खाली माणसं असतात."

त्यांनी कागद परत स्वतःकडे ओढला. मनात म्हटलं, गेलं कॉन्ट्रॅक्ट, आता फोनवर बायकोला, यशश्रीला, काय सांगू? मग त्यांनी मान वर न करता सही केली.

मी कागद उचलला आणि खिशातलं नियमांचं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"शुक्रवारी परत मॅच आहे. वाचून या. आणि मैदानावर माझं नाव धनंजय."