अकराव्या बिंदूवरची ऊब

टर्बाईन थंड होतं. पेटलं की त्याच्या पोटात लोखंड लाल व्हावं अशी आग उसळते, म्हणून आतून केसाएवढी बारीक काचतार फिरवलेली असते. तिच्यावर जागोजागी बिंदू. प्रत्येक बिंदू आपल्यापुरतं तापमान पडद्यावर सांगतो. मी तार जोडली की एकजण आत शिरून एकेक बिंदू मुठीत धरतो आणि पडद्यापुढचा ओरडतो, "आला!" आमच्याकडे आत माझे दीर असायचे, पडद्यापुढे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. कामाच्या नावाखाली तारेतून हात धरून घेतात मेली दोघं, असं मी चिडवायचे.

मागच्या दुरुस्तीत भाऊजी आतच गेले. छातीत कळ आली. अकराव्या बिंदूवर मूठ तशीच मिटलेली.

आज मशीन पुन्हा सुरू व्हायचं होतं. सगळी तार गार, आणि अकरावा बिंदू तेवढा अंगासारखा कोमट.

"सेन्सर बिघडलाय," साहेब म्हणाले. "तो सोडा, बटण दाबा."

"मी नाही दाबणार," जाऊ म्हणाली. "एकदा गेलेत ते. आता जाळू त्यांना?"

"अहो, आत कुणी नाही. तिघांनी बघितलंय."

"मग ऊब कुणाची?"

"यांना घरी न्या," साहेब मला म्हणाले. "मी दाबतो."

"जरा थांबा," म्हणत मी झाकणातून आत शिरले. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. अकराव्या बिंदूपाशी कुणीच नव्हतं. घरी जेवायला उठवायचे तशीच म्हणाले, "भाऊजी, उठा बरं. ती बाहेर खोळंबलीये."

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला, जावेचा आवाज. "ताई, अकरा गार पडला... ताई, दहा!"

मी रांगत परतले. नऊ, आठ, सात. ऊब माझ्यापुढे सरकत होती, आणि मी तारेला बोटही लावलं नव्हतं.

पडद्याच्या खोलीत पोचले तर सगळे बिंदू गार. जाऊ टेबलामागे वाकलेली. भिंतीतून तार येते तिथे तिने डावी मूठ मिटली होती. त्या तुकड्यावर एकही बिंदू नाही. तिथली ऊब कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.

"आले?" मी विचारलं.

"हो."

मूठ न सोडता तिने उजव्या हाताने बटण दाबलं.