मुतवल्लीचं पाणी

मुतवल्ली हयात असताना कुणाला पाण्याचा घोट विचारील असा माणूस नव्हता. त्यामुळे तो गेल्यावर त्याच्या बायकोला, इन्शिराहला, त्याच्या परलोकाची रास्त काळजी लागली. कैरोतल्या आपल्या बिल्डिंगच्या दाराशी, जुन्या घेरदार झाडाखाली तिने थंड पाण्याचा कूलर बसवला. वर पाटी : ‘पाणी प्या, मुतवल्लीसाठी फातिहा म्हणा.’ लोक जितकं पितील तितकं पुण्य त्याला पोचणार. टॅक्सीवाले, शाळेतल्या पोरी, पार्सल पोचवणारे सावली बघून थांबत, पीत, दुआ पुटपुटत. मेल्यावर मुतवल्ली इतका लोकप्रिय झाला, की इन्शिराहला जरा हेवाच वाटायचा.

मग शहराला तापमानवाढीची काळजी लागली. रस्ता रुंद करायचा होता आणि सावलीचा आराखडाही करायचा होता. दोन्ही कामं एकाच कचेरीत, वेगवेगळ्या मजल्यांवर. कुठे किती तापतंय ते मोजायला इंजिनियर येणार, ही बातमी दारवान शाफीने आणली. इन्शिराहला सगळे आदराने हाज्जा म्हणत.

“हाज्जा, सरकारी पाहुणा येतोय!”

“मग बघत काय बसलायस? पाणी मार!”

पाहुणा येणार म्हणजे दारापुढे पाणी शिंपायचंच. शाफीने नळी लावून फूटपाथ, झाडाचा बुंधा आणि बेसावध असलेलं एक मांजर धुऊन काढलं. हातिम नावाच्या त्या तरुण इंजिनियरने ओल्या फरशीवर यंत्र धरलं आणि थक्क झाला.

“हाज्जा, अख्ख्या रस्त्यावर इतकी थंड जागा नाही. इथे सावलीची काही गरज नाही बघा.”

इन्शिराहला ती शाबासकी वाटली. तिने त्याला चहा पाजला, वर केकही दिला.

उन्हाळा लागला आणि रस्त्याच्या मजल्याने झाड तोडलं. सावलीच्या मजल्याने बाकी सगळीकडे हिरव्या रंगाच्या पत्र्याच्या छत्र्या उभ्या केल्या. इन्शिराहच्या दारात काहीच नाही. छत्र्या तपासायला आलेल्या हातिमला तिने अडवलं.

“झाड गेलंय, दिसत नाही तुला?”

“दिसतंय ना, हाज्जा. पण मोजणीत ही जागा थंड आहे.”

“मग परत मोज!”

“आता पुढच्या आराखड्यात. पाच वर्षांनी.”

“आणि तोवर मुतवल्लीने काय करायचं?”

हे मोजायचं यंत्र हातिमकडे नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून त्याने तोटी सोडली आणि झटकन हात मागे घेतला. उन्हात तापून कूलरने कधीच मान टाकली होती. पाण्यात फक्त चहापत्ती टाकायची बाकी होती.

लोक आता समोरच्या पत्र्याखालून जात. पाटीकडे कुणी बघेना.

भर दुपारी शाफीला इन्शिराह कूलरपाशी दिसली. एका हातात पेला, दुसऱ्या हातात छत्री.

“हाज्जा, आपणच प्यायलेलं पोचतं का हो त्यांना?”

“का नाही पोचणार? मला तहान लागलीये.”

“पण मग पाजलं कुणी?”

“त्याने.” तिने घोट घेतला. तोंड पोळलं, तरी गिळला. “जन्मात पहिल्यांदा.”

मग ती फातिहा म्हणू लागली. छत्री तिने कूलरवर धरली होती. स्वतः उन्हात उभी होती.