उजवा कोपरा

नाटकवाल्यांनी सांगितलं, "बॅग नवीच शिवा, पण वीस वर्षं खांद्यावर घेऊन हिंडलेली दिसली पाहिजे." माझा मुलगा हसला. सुनेनं मात्र काम घेतलं. तिचं स्वतःचं पहिलं काम! जमलं तर नाटक मंडळीचं सगळं चामडी सामान आमच्या दुकानात येणार होतं. फसलं तर आहेतच चपलांचे अंगठे शिवायला.

पोरीनं पॉलिश पेपर घेतला आणि बॅग सगळीकडून सारखी घासली.

"अगं, ही म्हातारी नाही झाली, हिला गोवर आलाय!" मी म्हटलं. "हात जिथं जातो तिथंच चामडं मुरतं."

"मग दाखवा की, आई."

दाखवलंच! कोमट तेल तळहातानं जिरवलं, झाकण वाकवून वाकवून घडी पाडली, उजवा कोपरा अंगठ्यानं चोळून असा काळा तुकतुकीत केला की मलाच वाटलं, ही बॅग मी लग्नात आणलीय.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी दिग्दर्शक नटाला घेऊन आला. नटानं बॅग खांद्याला लावली, झाकण उघडलं.

डाव्या हातानं!

मेला डावखुरा निघाला. त्याच्या बोटांखाली कोरा करकरीत कोपरा.

"ही तर कालची दिसतेय," दिग्दर्शकाचं तोंड उतरलं.

मी घाईघाईनं तेलाची वाटी शोधू लागले. पण सून पुढं झाली.

"नाटकात याचा बाप कोण?"

"तो पहिल्या अंकाआधीच गेलेला असतो."

"मग बॅग बापाची. बाप उजवा, हा डावा."

दिग्दर्शकानं टुणकन उडीच मारली! नट तर तिथंच उजव्या कोपऱ्यावरून बोटं फिरवत बसला. आम्ही दोघींनी हात चालवले. डावा कोपरा हलकासा मुरवला, बापाइतका नाही.

संध्याकाळी मी पहिल्या रांगेत. नटानं बापाच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला, थांबला, मग डाव्या हातानं झाकण उघडलं. शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "कुठून मिळाली असेल हो इतकी जुनी बॅग?"

"जुनी?" मी म्हटलं, आणि चांगलं मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. "माझ्या सुनेनं परवा शिवलीय!"