माझ्या मापाचे चार टायर

मित्रांनो, मला जुनी म्हणा, म्हातारी म्हणा, माझी हरकत नाही. फक्त खटारा म्हणू नका, त्याचा मला फार राग येतो. मी साठ वर्षांची एक हिरवी जीप आहे. चांदवडच्या अलीकडे एका द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याची शेड आहे, तिथे मी राहते. माझ्या एका बाजूला ट्रॅक्टर असतो आणि दुसऱ्या बाजूला औषध फवारायचं यंत्र. दोघेही रोज कामाला जातात आणि संध्याकाळी येऊन आपण किती दमलो ते मला ऐकवतात. मी ऐकून घेते. त्यांच्या वयाची असताना मीही अशीच बढाया मारत होते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या चारही चाकांना उंच, अरुंद टायर होते. त्यांच्या कडेवर ६.००-१६ असा आकडा उमटवलेला होता. टायर सहा इंच रुंद आणि आतली लोखंडी रिम सोळा इंचांची, एवढाच त्याचा अर्थ. त्या अरुंद टायरांमुळे मी चिखलावर घसरत बसायची नाही. चिखल कापून खालची घट्ट जमीन पकडायची.

माझे मालक केरूनाना. मी आले तेव्हा ते नाना नव्हते, मिसरूड फुटलेले नवरदेव होते. डोंगरावरच्या एका वाडीतल्या कुसाबाईंशी त्यांचं लग्न झालं आणि नवरीला घरी आणायचं काम माझ्याकडे आलं. त्या वाडीला तेव्हा रस्ता नव्हता, आजही शेवटचे दोन किलोमीटर नाही. ओढ्याच्या पात्रातून, दगडांवरून जायचं, एका मोठ्या खडकापाशी काटकोनात वळायचं आणि मग मुरमाची चढण चढायची. मी रुबाबात गेले. पण परत निघताना कुसाबाईंची पाठची बहीण पुतळा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दहा वर्षांची पोर, रडून डोळे लाल झालेले. कोणीतरी तिला उचलून बाजूला केलं, तशी ती ओरडली, "माझ्या अक्काला नेऊ नको!" आणि हाताला लागला तो दगड तिने मला फेकून मारला. माझ्या डाव्या मडगार्डला चांगला वाटीएवढा पोचा आला.

त्यानंतर मला तीनदा रंग दिला गेला, पण तो पोचा नानांनी कधी ठोकून काढू दिला नाही. मला पुसताना कुसाबाईंचा हात तिथे आला की जरा सावकाश फिरायचा.

पुढची पन्नासहून अधिक वर्षं मी कांद्याच्या गोण्या वाहिल्या, द्राक्षांची क्रेट वाहिली, बाळंतिणी दवाखान्यात पोहोचवल्या. दरवर्षी दिवाळीत भाऊबीज झाली की कुसाबाईंना वाडीवर घेऊन जायचे. लोक म्हणायचे, "नानांची जीप बकरीसारखी चढते." मला ते फार आवडायचं. मग नानांचे गुडघे गेले, घरात एक पांढरी कार आली आणि मी शेडमध्येच उभी राहू लागले. टायरांना भेगा पडल्या. एका कोंबडीने माझ्या मागच्या सीटवर अंडी घालायला सुरुवात केली. खरं सांगते, मला फार दुःख झालं नाही. कोंबडी गरीब होती, आणि थोडी विश्रांती मलाही हवी होती.

मात्र यंदा श्रावणात वाडीहून निरोप आला. पुतळाबाईंचं डावं अंग वाऱ्याने लुळं पडलं होतं. त्यांना खाली आणण्यासारखं नव्हतं. त्यांनी एवढंच सांगून पाठवलं होतं, 'अक्का, या दिवाळीला तरी येऊन जा.'

कुसाबाई सहा वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या. त्यांचं वय सत्त्याहत्तर, कमरेत लोखंडी पट्टी बसवलेली. दगडांतून चालणं शक्य नव्हतं. कारचं पोट पहिल्याच दगडाला टेकायचं. ट्रॅक्टरवर बसवायला डॉक्टरांची सक्त मनाई. वाडीतल्या चौघांनी खुर्चीत बसवून खांद्यावरून नेतो म्हटलं, तर कुसाबाई उसळल्या. "जित्तेपणी चौघांच्या खांद्यावर नाय जायची मी! जाईन तर माझ्या जीपमधी जाईन."

माझ्या जीपमधी! मित्रांनो, माझी बॅटरी उतरलेली नसती, तर हे शब्द ऐकून मी आनंदाने हॉर्नच वाजवला असता.

त्यांचा नातू रविराज नाशिकला अंबडमध्ये कारखान्यात कामाला आहे. गुणी मुलगा. दर रविवारी येऊन त्याने माझं इंजिन साफ केलं, ब्रेक नवे केले, कोंबडीची सोय दुसरीकडे लावली. शेवटी राहिले टायर. त्याने फोनवर कुठल्या कुठल्या शर्यतींतल्या जीपा पाहिल्या होत्या. तो माझ्यासाठी जवळजवळ दुप्पट रुंदीचे टायर घेऊन आला, रुंद रिमांसकट. मी खोटं बोलणार नाही, मला ते भलतेच आवडले. दसऱ्याला झेंडूची माळ घालून माझी पूजा झाली, चारही टायरांखाली लिंबं ठेवली, आणि मी नव्या नवरीसारखी तोऱ्यात निघाले.

तो तोरा ओढ्यापर्यंतच टिकला. माझं स्टेअरिंग हाताच्या जोरावर फिरणारं. एवढे रुंद टायर वळवताना रविराजच्या दंडाला गोळे आले. खडकापाशी काटकोनात वळायची वेळ आली तेव्हा टायर आतून स्प्रिंगच्या पाट्यांना आणि वरून मडगार्डला घासू लागला. पूर्ण वळताच येईना. चार वेळा पुढे-मागे केलं, रबर जळल्याचा वास सुटला, आणि आम्ही माघारी आलो.

रविराजने हार मानली नाही. त्याने खडू घेतला आणि मडगार्ड कुठे कापायचं त्याची रेघ मारली. ती रेघ नेमकी पोच्यावरून गेली. शेजारी नाना काठी टेकून उभे होते.

"हात लावू नको तिथं," ते म्हणाले.

"नाना, नुसता पत्रा तर हे."

"तुझ्या आजीचं माहेर हे ते."

रविराजने खिशातून रुमाल काढला आणि रेघ पुसून टाकली.

पुढच्या रविवारी नानांनीच उपाय काढला. ते ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापाशी वाकले, चष्मा पुसला आणि आनंदाने ओरडले, "रवि, हे बघ! सहा-सोळा! जीपचा न् ह्याचा आकडा येकच हे!" आमच्या भागात जुन्या जीपांना ट्रॅक्टरचे पुढचे टायर लावणारे पुष्कळ जण सापडतात. लगेच तसे चार नवे टायर आले. माझ्या जुन्या रिमांवर ते अगदी बेताचे बसले. मी सहज वळले, खडक पार केला. नाना गाणं गुणगुणू लागले. आणि मुरमाच्या चढणीवर माझी चारही चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली. त्या टायरांवर गोल फिरणाऱ्या तीन सरळ पट्ट्या होत्या. त्या कशालाच धरत नव्हत्या. मी मागे मागे घसरत खाली आले.

भाऊबीज आठ दिवसांवर आली होती. कुसाबाईंनी बहिणीसाठी घेतलेलं लुगडं पिशवीत भरलेलं होतं. ती पिशवी त्यांनी उचलून पुन्हा कपाटात ठेवली. मला शेडमधून दिसत होतं. मित्रांनो, त्या दिवशी मात्र मला माझ्या म्हातारपणाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नाना आणि रविराज मला फाट्यावरच्या गोटीरामच्या पंक्चरच्या दुकानापाशी घेऊन गेले. गोटीराम नानांच्याच वयाचा. त्याने टायरांकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "नाना, जायचं कुठं?"

मला इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. नानांनी वाट सांगितली. गोटीरामने माझं चाक पूर्ण वळवून सुतळीने स्प्रिंगच्या पाटीपासून टायरापर्यंतची जागा मोजली आणि मग टायरावर थाप मारली.

"आकडा बरोबर हे. पण हे टायर निस्तं वळायला केलेलं हे, चढायला नाय. ट्रॅक्टरला वर ढकलतं कोण? मागचं मोठं टायर. हिला तर सोताच चढायचं हे. आकडा हाच घ्या, नक्षी जीपची घ्या. अन् चारी येकसारखी. येक लहान येक मोठं केलं, तर चारी चाकांना इंजिनाचा जोर दिल्यावर गिअर मोडून घेशील, दादा."

शिवाय टायरावरचे छोटे चार आकडे कसे वाचायचे तेही त्याने रविराजला शिकवलं. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रविराज नाशिकभर हिंडला. दोन दुकानांत त्याला हसले, एवढा बारीक टायर आता कोण घेतं म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी टायर मिळाले, पण आकडे वाचले तर ते बारा वर्षं गोदामात पडून कडक झालेले. चौथ्या ठिकाणी अखेर चार मिळाले. ताजे, ठळक दाते असलेले, ६.००-१६. गोटीरामने ते स्वतः बसवले आणि आपला हातपंप रविराजच्या हाती दिला. "ओढा लागला की थोडी हवा सोड, पकड येती. डांबरीवर आलास की भर."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुसाबाई माझ्या पुढच्या सीटवर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. ओढा लागला, रविराजने हवा सोडली. खडकापाशी मी एका दमात वळले. मुरमाच्या चढणीवर टायरांच्या दात्यांनी जमीन पकडली आणि मी हळूहळू, खडे उडवत, वर चढले. नानांनी मागच्या सीटवरून माझ्या पत्र्यावर थोपटलं. शर्यत नव्हती, टाळ्या नव्हत्या, पण इतकं समाधान मला तरुणपणीही मिळालं नव्हतं.

पुतळाबाईंना बाजेवर अंगणात आणून बसवलं होतं. दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या, मग लगेच भांडल्या, मग हसल्या. कुसाबाई चार दिवस राहिल्या. निघताना पुतळाबाईंनी आपली बाज माझ्याजवळ आणायला लावली. त्यांनी आपला चांगला असलेला उजवा हात माझ्या मडगार्डवर फिरवला आणि तो पोचा त्यांना बरोबर सापडला. बराच वेळ त्यांचा हात तिथेच होता. मला वाटलं, आता पुन्हा 'नेऊ नको' म्हणतात की काय.

"ने," त्या मला म्हणाल्या. "पण पुढल्या दिवाळीला परत आण."

म्हणून सांगते, मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कोणी जुनं असेल, तर त्याला सजवण्याआधी त्याला कुठे जायचंय ते विचारा. अधूनमधून माझी हवा बघा, माझे टायर उन्हात तापत ठेवू नका. पुतळाबाईंना मी मनोमन शब्द दिला आहे, आणि दिवाळीला आता अकरा महिनेच उरलेत.